लाँचच्या रात्री शिव्या घालणाऱ्याच्या हातात कुठला फोन आहे ते आधी बघ

प्रश्न जुळे सोलापुरातल्या एका पोराचा आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याच्या वडिलांना मी दुकान काढलं तेव्हापासून म्हणजे २००६ पासून ओळखतो, नवीपेठेत माझ्या काउंटरवरून गेलेल्या पहिल्या काही नोकियांपैकी एक त्यांच्या खिशात होता. पोरगं विचारतंय ते थोडक्यात असं: ९ सप्टेंबर २०२५ ला रात्री साडेदहाला ॲपलचा कार्यक्रम सगळ्या मित्रांनी मिळून बघितला, आयफोन १७, एअर, १७ प्रो, आणि कार्यक्रम संपायच्या आतच दोन पार्ट्या पडल्या, अर्धे म्हणतात इतक्या वर्षांत असा फोन आला नव्हता, अर्धे म्हणतात कंपनी झोपलीय, रंग बदलून तेच विकूलालेत. माझ्याकडं चार वर्षांचा आयफोन १३ आहे, पप्पा म्हणतात दसऱ्याला घे, काका कुणाचं ऐकू?

सांगतो, पण जरा लांबणार, कारण हा प्रश्न दर सप्टेंबरला येतो आणि दरवेळी मी गिऱ्हाइकाच्या गर्दीत दोन वाक्यात उत्तर देऊन मोकळा होतो.

त्या रात्री फोन कुणाच्या हातात होता? कुणाच्याच नाही. म्हणजे जी काय भांडणं झाली ती फोनवरून नव्हतीच, मनात काय धरलं होतं आणि काय मिळालं यावरून होती. आणि मनात धरायला आता वेळ भरपूर मिळतो, कारण महिनोन् महिने आधी चित्रं फुटतात, मापं फुटतात, आमच्याकडं तर नव्या मॉडेलची बॅक कव्हरं होलसेलवाला फोनच्या आधी आणून टाकतो, त्या कव्हराचं कॅमेऱ्याचं भोक बघूनच पोरं ठरवतात की यंदा आवडलं का नाही. मग कार्यक्रमाच्या रात्री नवीन असं काही उरतच नाही, त्यामुळं "ह्यॅ, एवढंच?" हे वाक्य तयारच असतं. उलट सोलापूरची खरी प्रतिक्रिया मला त्या रात्री कळतच नाही. विक्री सुरू झाली १९ सप्टेंबरला, आणि ७ पासून २१ पर्यंत यंदा पितृपक्ष होता, आमच्याकडं पितृपक्षात माणूस नवा चार्जर पण घेत नाही, १७ कुठला घेणार. सगळे येऊन हातात घेऊन बघून गेले, पुढून मागून, आणि २२ ला घट बसले तसे पैसे घेऊन आले. तेव्हा कोण काय घेतंय ते मी बघतो, आधी कोण काय बोलला ते सोडून देतो.

आता मुद्द्याचं. नाराज माणूस काय बोलतोय यापेक्षा त्याच्या हातात कुठला फोन आहे हे विचार. मी काउंटरवर हेच करतो, माणूस कंपनीला शिव्या घालायला लागला की मी हळूच म्हणतो, दाखवा बरं तुमचा, आणि निम्मं भांडण तिथंच कळतं.

उदाहरण घे साध्या १७ चं. याच्यावरून तुझ्या मित्रांत "महाग केला" आणि "स्वस्त केला" असं दोन्ही चाललं असणार, आमच्याकडं पण चाललं, आणि गंमत म्हणजे दोघं पण बरोबर आहेत. १६ आला २०२४ ला ७९,९०० ला, पण १२८ जीबी. १७ आला ८२,९०० ला, म्हणजे पाटी बघितली तर तीन हजार वाढले. पण १७ मध्ये १२८ नाहीच, सुरुवातच २५६ पासून, आणि १६ चा २५६ वाला लाँचला ८९,९०० होता. तसं बघितलं तर सात हजार कमी झाले. वर डिस्प्ले १२० हर्ट्झचा, म्हणजे चित्र सेकंदाला १२० वेळा बदलतं, जो आधी फक्त प्रो वाल्यांना होता. आता ज्याच्याकडं तुझ्यासारखा १३ आहे त्याला हे सगळं घसघशीत वाटतं, कारण त्याचा फोन २०२१ ला ७९,९०० लाच आला होता, १२८ जीबी आणि साठ हर्ट्झ. आणि ज्यानं २०२५ च्या उन्हाळ्यात १६ घेतला त्याला आग लागते, कारण १७ आल्या आल्या कंपनीनं १६ ची किंमत ६९,९०० केली. तो माणूस फोनला नावं ठेवतोय असं वाटतं, पण तो स्वतःच्या नशिबाला नावं ठेवतोय. असे तीन जण आले होते माझ्याकडं त्या आठवड्यात, तिघांनी १७ मध्ये खोटी खोटी खोडी काढली, एकानं तर मला विचारलं की १६ परत घेता का बिल फाडून, म्हणलं नाही वो, तसं होत नसतं.

हे दुखणं जुनं आहे. पहिला आयफोन अमेरिकेत २९ जून २००७ ला विक्रीला आला, आठ जीबीचा ५९९ डॉलरला, लोक रात्रभर रांगेत बसले होते, आणि सव्वादोन महिन्यात सप्टेंबरमध्ये स्टीव्ह जॉब्सनं तोच फोन ३९९ ला केला. दोनशे डॉलर गायब. भडकले कोण? नोकियावाले नाही, ब्लॅकबेरीवाले नाही, जे रांगेत पहिले होते तेच. इतके भडकले की दुसऱ्याच दिवशी जॉब्सला पत्र लिहून शंभर डॉलरचं स्टोअर क्रेडिट द्यावं लागलं. तेव्हा "फॅन नाराज आहेत" असं कुणी म्हणलं की मी आधी बघतो, ही कालच्या गिऱ्हाइकाची नाराजी आहे का उद्याच्या. तुझा कालच्याशी काही संबंध नाही, तू उद्याचा गिऱ्हाईक.

दुसरी नाराजी असते ती काढून घेतल्याची. ही मात्र मी हसण्यावारी नेत नाही कारण काढून घेतलं की हिसका थेट आमच्या दुकानाला बसतो. २०१६ ला आयफोन ७ मधून हेडफोनचं होल काढलं, ॲपलचा फिल शिलर स्टेजवर म्हणाला की याला धाडस लागतं, आणि जगभर हसू झालं. त्याच वर्षी गुगलनं आपल्या पिक्सेल फोनच्या जाहिरातीत चिमटा काढला की आमच्यात होल आहे बरं का, आणि पुढच्या वर्षी पिक्सेल २ मधून स्वतःच काढलं. २०२० ला आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर गेला, सॅमसंगनं खिल्ली उडवली, आणि जानेवारी २०२१ ला एस२१ च्या खोक्यात पण चार्जर नाही. म्हणून कुठल्या कंपनीचा फॅन दुसऱ्याला हसायला लागला की मी म्हणतो थांब बे, वर्षभर थांब.

पण म्हणून काढून घेतलेलं कधी परत येतच नाही असं पण नाही. लग्नाचे फोटो काढणारी पोरं आठवतात मला, २०१६ च्या शेवटी ॲपलनं नवा मॅकबुक प्रो आणला त्यात एसडी कार्डचा खाचा नाही, एचडीएमआय नाही, सगळी नुसती टाइप सी. ही पोरं दिवसाला चार चार कार्ड भरणारी, मंडपात लॅपटॉप उघडला की कार्ड घालायला लोंबणारी डोंगल, ती एकाची पाहुण्यांच्या गर्दीत हरवली आणि रात्री अकरा वाजता मला फोन, दुकान उघडा काका. पाच वर्षं शिव्या खाल्ल्यावर २०२१ च्या मॉडेलमध्ये खाचा परत, एचडीएमआय परत, चुंबकाचा चार्जर पण परत. फरक एवढाच होता की तिथं शिव्या घालणाऱ्याचं रोजचं काम अडत होतं. फोनचं होल गेलं तेव्हा लोकांनी महिनाभर बोंब मारली आणि मग वायर नसलेले इअरफोन घेतले, काम काही अडलं नाही. आता तूच बघ, तुझ्या वर्गात कानात वायर घालून किती जण येतात.

माझंच सांगतो, चूक माझीच होती. २०१२ ला आयफोन ५ आला तेव्हा चार्जिंगची रुंद पिन जाऊन बारीक लाइटनिंग आली, त्या आधी मी रुंद पिनच्या केबलीचं अख्खं खोकं भरून ठेवलं होतं, म्हणलं आपल्याकडं जुनेच फोन जास्त, खपतील. ते खोकं आज पण माळ्यावर आहे. आणि तरी शहाणपण आलं का? नाही. २०२३ ला १५ टाइप सी वर गेला, युरोपचा टाइप सीच्या सक्तीचा कायदा येतोय हे मला माहीत होतं, तरी लाइटनिंगच्या केबली जास्तीच्या घेतल्या. एवढंच की १३, १४ वाले अजून येतात म्हणून हळूहळू निघतात. तुझी पण एक दोन गेली असेल त्यातली.

आता एअर. याच्यावर तुझे मित्र सगळ्यात जास्त भांडले असतील कारण हा हातात घेतला की वेड लागतं, ५.६ मिमी, वजन १६५ ग्रॅम, आमच्या दुकानात ज्यानं उचलला त्यानं आधी "अयाया" केलं आणि मग विचारलं मागं एकच कॅमेरा का, आणि किंमत १,१९,९०० ऐकून हळूच खाली ठेवला. बॅटरी लहान आहे, स्पीकर एकच आहे, हे सगळ्यांना माहीत झालंय. पण मला त्यातलं जे खटकतं त्यावर कुणी फार बोलत नाही, ते म्हणजे सिमचा ट्रे नाही, नुसतं ईसिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, काढून हातात न येणारं सिम. आपल्याकडच्या साध्या १७ मध्ये आणि प्रोमध्ये अजून एक खरं सिम बसतं, एअरमध्ये नाही. आता सोलापुरात फोन फुटला की लोक काय करतात? माझ्याकडं फोन टाकतात, सिम काढून घेतात, खिशातल्या जुन्या बटनाच्या फोनमध्ये घालतात आणि संध्याकाळी येतो म्हणून जातात. टॉवेल कारखान्यावाला असो का भुसार लाइनीतला, त्याचा नंबर दोन तास बंद राहिलेला चालत नाही, ओटीपी तिथंच येतो, जीपे तिथंच. ईसिमवाल्याचा फोन टेबलावर उघडा पडला की नंबर पण टेबलावर पडला, बटनाच्या फोनमध्ये तो घालता येत नाही, दुसरा ईसिमवाला फोन पाहिजे आणि कंपनीकडून तो नंबर हलवून घ्यायला पाहिजे. ज्याच्या घरात दोन आयफोन आहेत त्याला काही वाटणार नाही. ज्याच्याकडं एकच आहे त्यानं विचार करावा. आणि येत्या कोजागरीला तुळजापूरला रात्रभर चालत जाणारा असशील तर एअरबरोबर पॉवर बँक लागेल, मग बारीक फोन घेऊन त्याच्या दुप्पट जाडीची वीट खिशात घालायची हे काय मला पटत नाही. पण हौस आहे, हौसेला मोल नसतं, मी विकणार.

प्रोचं भांडण वेगळंच. तिथं दोन तक्रारी, काळा रंग नाही आणि टायटॅनियम काढून ॲल्युमिनियम घातलं, "लाखाच्या वर घेऊन डब्याचा पत्रा देतात." काळ्याचं मला पण कळलं नाही, आपल्याकडं निम्मे लोक काळाच मागतात. नारिंगीचं उलट झालं, पहिल्या दिवशी कार्यक्रम बघताना हसणारे लोक आता दुकानात येऊन "तो भगवा दाखवा" म्हणतात, दुसरा कुठला दाखवला तर बघत पण नाहीत, जवळच्या एका दुकानदारानं तर पाटीवरच भगवा लिहिलंय.

पत्र्याचं मात्र ऐकून घे, कारण हे सोलापूरला लागू आहे. टायटॅनियम दिसायला भारी, मजबूत, पण उष्णता लवकर वाहून नेत नाही. ॲल्युमिनियम कितीतरी पटीनं लवकर नेतं. २०२३ ला टायटॅनियमवाला १५ प्रो आला तेव्हा गरम होतो म्हणून ओरड झाली होती, कंपनीनं दोष सॉफ्टवेअरला आणि काही ॲपना दिला, अपडेट काढलं, पण २०२५ ला धातू पण बदलला आणि आत पाण्याच्या वाफेनं उष्णता पसरवणारी चपटी पेटी घातली. ॲपल स्वतःच सांगतं की फोन शून्य ते ३५ डिग्रीत वापरा. आपल्याकडं एप्रिल मे मध्ये सावलीत पारा चाळिशीच्या वर असतो, गाडीच्या डॅशबोर्डवर मॅप लावून होटगी रोडनं निघालास की काय होतं, उजेड आपोआप कमी होतो, चार्जिंग थांबतं, आणि माणूस माझ्याकडं येऊन म्हणतो बॅटरी गेली. बॅटरी गेलेली नसते, ऊन असतं. तेव्हा तिकडं अमेरिकेत ॲपलच्या गावात, क्युपर्टिनोत बसलेल्या फॅनला टायटॅनियम गेल्याचं दुःख होऊ दे, आपल्या सोलापुरातल्या शेळगीच्या माणसाला ॲल्युमिनियमच बरं. चरे पडतात हे खरं आहे, विशेषतः कॅमेऱ्याच्या उंचवट्याच्या कडेला रंग निघाल्याचे फोटो पहिल्याच आठवड्यात आले, म्हणून कव्हर घाल, दोनशे रुपयाचं कव्हर घालून फिरायचं असेल तर आत कुठला धातू आहे ते कुणाला दिसतंय.

आयओएस २६, म्हणजे आयफोनच्या नव्या सॉफ्टवेअरच्या काचेसारख्या डिझाइनवर पण चाललंय. हे फोन न घेता पण तुझ्या १३ वर आलंय, त्यामुळं घरोघरी भांडण. पोरांना आवडलं, आणि साठीच्या पुढचे दहा पंधरा लोक तरी आले माझ्याकडं, "अक्षर दिसंना, परत पहिल्यासारखं करून द्या." सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत डिस्प्लेच्या खाली पारदर्शकपणा कमी करायचं बटन आहे, ते चालू केलं की निम्मं सुसह्य होतं, आईचा फोन असेल तर आजच करून दे. २०१३ ला आयओएस ७ आलं तेव्हा पण असंच झालं होतं, अक्षरं बारीक, हलणारी चित्रं बघून काही लोकांना गरगरायचं, मग हळूहळू सुधारलं आणि आता जुने फोटो बघितले तर तेच जुनाट वाटतं. यात कंपनी ऐकते, कारण हे अपडेटनं बदलता येतं. धातू आणि होल अपडेटनं बदलत नाहीत.

एका नाराजीला मात्र मी पूर्ण मार्क देतो. २०२४ च्या जूनला त्यांनी नवी हुशार सिरी दाखवली, १६ विकताना तिचीच जाहिरात केली, आणि मार्च २०२५ ला म्हणाले अजून वेळ लागेल. दाखवलं, त्याच्या नावावर विकलं आणि पुढं ढकललं. यात नाराज माणसाच्या हातात कुठला फोन आहे हे विचारायची गरज नाही, तो बरोबरच आहे. म्हणून माझा काउंटरवरचा नियम, जे आज हातात चालू आहे त्याचे पैसे द्यायचे, "लवकरच येणार" त्याचे शून्य. हे सगळ्याच कंपन्यांना लागू. एका कंपनीचं नाव घेत नाही, लाँचला पोरांनी डोक्यावर घेतला होता, एक खोडी कुणी काढली नव्हती, दीड वर्षानं त्यांच्या डिस्प्लेवर अपडेटनंतर हिरव्या रेघा यायला लागल्या आणि तेच फॅन माझ्या टेबलावर ओळीनं. तेव्हा लाँचच्या रात्री सगळे खूश असले तरी मी त्याला काही फार किंमत देत नाही.

अजून एक सांगतो आणि मग तुझं बघू. शिव्या घालणाऱ्या फॅनची कंपनीला भीती नसते. १९९७ च्या ऑगस्टमध्ये बोस्टनला जॉब्सनं ॲपलसाठी मायक्रोसॉफ्टकडून, म्हणजे जुन्या वैऱ्याकडून पंधरा कोटी डॉलर घेतल्याचं जाहीर केलं, मोठ्या पडद्यावर बिल गेट्सचा चेहरा आला आणि ॲपलच्याच लोकांनी भर हॉलमध्ये हुर्यो केली. त्या लोकांनी ॲपल सोडलं का? बोंबलत बोंबलत तिथंच राहिले. माझं पण तेच, जो गिऱ्हाईक "तुम्ही मागच्या वेळी ग्लास नीट लावली नाही" म्हणून भांडतो तो परत येतो, वीस वर्षं येतोय. ज्यानं काही न बोलता पैसे दिले आणि परत दिसलाच नाही, त्याचं काय बिनसलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. नोकियाचं असंच झालं, आपल्याकडं नोकियाला कुणी शिव्या घातल्या नाहीत, लोक नोकियाचं नाव आदरानं घेत घेत दुसरा फोन मागायला लागले.

बरं, तुझा १३. बॅटरी हेल्थ बघ आधी. ऐंशी टक्क्यांच्या खाली असेल आणि बाकी तक्रार नसेल तर बॅटरी बदलून अजून दोन वर्षं निघतात, आयओएस २६ घेतलंयस म्हणजे अपडेट पण चालू आहेत. पप्पा देतच असतील आणि तुझी १२८ जीबी भरली असेल, जी भरलीच असणार कारण तुम्ही पोरं एक पण व्हिडिओ डिलीट करत नाही, तर साधा १७ घे. १३ वरून जाणाऱ्याला यंदा साधाच सगळ्यात जास्त देतो, प्रो घ्यायचं कारण तू व्हिडिओच्या धंद्यात असशील तरच, आणि तू नाहीस. १६ उतरलाय म्हणून मोहात पडू नको, १७ आला तेव्हा तेरा हजाराचा फरक होता पण साठ हर्ट्झ आणि १२८ जीबी परत तुझ्याच गळ्यात येतील. जीएसटी उतरला ना म्हणून पप्पा घासाघीस करतील, त्यांना सांग २२ सप्टेंबरला टीव्ही आणि एसीवरचा उतरला, मोबाइलवर २०२० पासून अठरा टक्के आहे तो तसाच आहे. घासाघीस करायची तर बँकेच्या कॅशबॅकवर करा, आणि ईएमआय चोवीस महिन्यांचा नको, बाराचा बघा, फोन जुना झाला तरी हप्ता संपत नाही मग माणूस फोनवर राग काढतो.

१३ देणारच असशील तर दसऱ्याची वाट बघू नको, नवे फोन हातात पडायला लागले की जुन्यांची रांग लागते आणि एक्स्चेंजचा भाव रोज थोडा उतरतो. शनिवारी दुपारी ये, तेव्हा गर्दी कमी असते, बिल आणि खोकं घेऊन ये, फोनमधून ॲपल आयडी साइन आउट करून ठेव, पासवर्ड विसरलो म्हणून तिथं उभा राहू नको. आणि पप्पांनी तो जुना नोकिया ठेवला असेल तर तो पण आण, चालू करून बघू, त्याची पिन जाडी होती का बारीक ते मला आठवंना, पण माळ्यावर दोन्ही आहेत.